भामाचा खांदा

कुर्त्याच्या पॅटर्नच्या पुठ्ठ्यावर उजव्या खांद्याचा उतार डाव्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त होता. विनिताने पट्टी बाजूला ठेवली. खरं तर मोजायची गरजच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी तो उतार तिनेच कापला होता.

पनवेलच्या या कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. कुर्त्याच्या मध्यम मापासाठी शिलाईतली भामा उभी राहिली. मिठागरावर कावड वाहून वाहून तिचा उजवा खांदा उतरला होता. विनिता तिसऱ्यांदा टेप लावू लागली, तशी भामा हसली.

"बाई, तुमची टेप चुकत नाय. माजा खांदाच पडलाय. आता काय इस्त्री करताय मला?"

विनिताने माप आलं तसंच कापलं. त्यावरून हजारो कुर्ते निघाले, तक्रार एकही आली नाही. दोघी रोज एकत्र जेवायच्या, भामाच्या डब्यातलं सुकट निम्मं विनिताचं. गेल्या दिवाळीनंतर भामा वारली. तेव्हापासून विनिता भिंतीकडे तोंड करून जेवते.

आता सगळे पॅटर्न कॉम्प्युटरमध्ये जात होते. कॉम्प्युटरला जोडलेल्या मोठ्या पाटीवर पुठ्ठा लावायचा, कडेचा एकेक बिंदू टिपायचा, मग पुठ्ठा रद्दीत. दोनशे बारा झाले. हा एकच ती तीन महिने खिळ्यावरून काढत नव्हती. कॉम्प्युटरवरचा केतन विचारायचा, ती "उद्या" म्हणायची. पण उद्या ती पाटीच कळंबोलीच्या युनिटला जाणार होती.

केतनने पुठ्ठा लावला आणि डोळे बारीक केले.

"मॅडम, कापताना कुणी धक्का दिला होता का तुम्हाला? एरवी अर्धा भाग घेतो आणि आरशासारखा उलटवतो. याच्या दोन्ही बाजू वेगळ्या."

"वेगळ्या ठेवता येतील?"

"येतील की. तुम्ही म्हणाल तसं. मग लहान-मोठी सगळी मापं यावरूनच निघतील, सगळ्यांचा उजवा खांदा उतरलेला."

विनिता पडद्याकडे बघत राहिली. सहा मापं. ज्यांनी कधी कावड उचलली नाही, अशा बायका. शिलाईच्या रांगेत भामाच्या मशीनवर नवी मुलगी मान खाली घालून बाही जोडत होती.

विनिताने त्या उतारावरून एकदा बोट फिरवलं.

"डावी घे, केतन," ती म्हणाली. "दोन्हीकडे डावीच घे."