सीलबंद गहू

"अगं, पोतं ओढ! नुसती बघत काय उभी राहिलीस? ऊन काय तुझ्या बापानं राखून ठेवलंय?"

थोरल्या जाऊबाईंनी आतून तोंड टाकलं आणि मी पोत्याचे कान धरले. त्या कोठारात, मी बाहेर, मधे मागच्या पत्र्याला पाडलेली दीड हाताची वाट. गावाच्या धान्यकोठाराच्या राखणदार त्या, आणि चोरी करायची पाळीही त्यांच्यावरच. चोरी कसली, तर गावाच्याच गव्हाला ऊन दाखवायची. इतक्या बावळट चोरट्या शोधून सापडायच्या नाहीत.

देशाचं नवं अन्नधोरण आलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या आम्हीच पिटल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी पुरात पूल वाहून गेला आणि एकोणीस दिवस धान्याचा ट्रक आला नाही. पोरांना पिठाचं पाणी पाजून निजवलं आम्ही. धोरण म्हणालं, गावचा गहू गावातच साठवा, विषारी औषध घालू नका, अडीनडीला तोच खा. लाखमोलाचं बोलणं. पण खाली एक कलम होतं. कोठाराला सील लागणार, तपासणीपर्यंत उघडायचं नाही, उघडलं तर सगळा साठा जप्त.

आता गहू म्हणजे काय लोखंडाचे खिळे आहेत? औषध नाही तर दर उन्हाळ्यात तो वाळवावा लागतो, पाखडावा लागतो. नाहीतर पोरकिडे त्याचा भुगा करतात. जाऊबाईंनी तसे दोन अर्ज धाडले. उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे.

"किडे विचार करत बसत नाहीत," असं म्हणून त्यांनी मागच्या पत्र्याचे बोल्ट खोलले.

तेव्हापासून हा दुसरा उन्हाळा. दुपारी गाव आडवं झालं की चार पोती काढायची, पसरायची, पाखडायची, ऊन उतरायच्या आत भरून परत आत. एकशे ऐंशी पोती. त्यांची साठी उलटलेली, माझी कंबर आधीच गेलेली. कधीकधी वाटायचं, लागू दे कीड, मरू दे. मग ते एकोणीस दिवस आठवायचे आणि मी सूप उचलायची.

आठवड्यानं तपासणीस आला. उन्हानं रापलेला, थकलेला माणूस. त्यानं पुढचं सील स्वतः तोडलं, पंधरावीस पोत्यांत सळी खुपसून गहू काढला, दाणा दाताखाली फोडला.

"बाई, एक किडा नाही! चाळीस गावं हिंडलो, सगळीकडे भुगा. सील नीट ठेवलं तर धान्य टिकतं, हे तुमच्या गावानं दाखवलं. मी तसंच लिहितो. आता सगळीकडे पाच वर्षांचं सील करायला हरकत नाही."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना चिमटा काढला, पण त्या थांबल्या नाहीत.

"साहेब, सीलनं नाही टिकला. आम्ही दोघींनी मागून…"

"थांबा." त्यानं पेन खाली ठेवलं. "पुढचं मी ऐकलं तर मला आत्ता गाडी बोलवावी लागेल. एकशे ऐंशी पोती संध्याकाळच्या आत जातील. कलम माझं नाही, बाई. सांगा, ऐकू का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जाऊबाईंनी पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या.

त्यानं सही केली, नवं सील ठोकलं आणि गेला. घरी आल्यावर जाऊबाई जेवल्या नाहीत. "चाळीस गावांचा पुढचा गहूही मी किड्यांना घातला गं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, त्या माणसाचाही आला, आणि दोघांचंही चुकलं असं म्हणता येईना.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गावची राखणदार भर उन्हात चालत आली. तिचा सगळा गहू गेला होता आणि वर निष्काळजीपणाची नोटीस. त्यांच्या गावात नवा गहू भरला होता, त्यावर पाच वर्षांचं सील. पायरीवर बसून ती गटागटा पाणी प्यायली.

"तुमच्याकडे शिकून या म्हणाले साहेब. सीलला लाख कुठली वापरता, तेवढं दाखवा."

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"लाख तीच आहे गं. बाह्या वर कर आणि मागच्या बाजूला चल. आणि हे बघ, शिकलीस की तुझ्या पलीकडच्या गावालाही जाऊन सांगायचं. पायीच जावं लागेल, कागदावर काही लिहायचं नाही."

"किती गावं आहेत तशी?"

"एकोणचाळीस," मी म्हणाले आणि वाळवणाचं कापड आणायला उठले.