उंबराचा पान्हा

सदुसष्ट सालच्या एप्रिलात कोल्हापुरातल्या एका उंबराला पान्हा फुटला. रोज सकाळी सातला क्षीरानंद महाराज खोडाला कुंकू लावायचे, तीनदा "माते!" अशी हाक द्यायचे, आणि खोडावर पुरुषभर उंचीला साल ओठासारखी सुजली होती तिथून दुधाची धार लागायची. खाली तांब्याचा हंडा. बायका टाळ्या पिटायच्या, म्हातारे रडायचे, दूधवाले आपला धंदा सोडून बघत राहायचे. कुणाची दाढ ठणकायची थांबली, कुणाचं कोर्टातलं काम झालं. इचलकरंजीहून एक जण बंद पडलेल्या मागाचा धोटा घेऊन आला, त्या धोट्यालाही दूध पाजलं गेलं.

"बारा वर्षे मी हिमालयात एका पायावर उभा होतो," महाराज सांगायचे. "तेव्हा या माउलीला माझी दया आली." हिमालयातल्या पायाची दया कोल्हापुरातल्या झाडाला कशी आली, हे कुणी विचारत नव्हतं. विचारलंच तर उत्तर तयार होतं: "सायन्सला फक्त साय दिसते, बाळ. दूध दिसत नाही."

या गर्दीच्या मागं, हातात लाकडी मोगरी घेऊन, नृसिंह उभा असायचा. नगरपालिकेच्या बागखात्यात तो झाडांचा मुकादम. रस्त्याकडेचं झाड मोगरीनं ठोकायचं, कान लावायचा आणि आतून भरीव की पोकळ ते वहीत लिहायचं, हे त्याचं काम. झाडं त्याच्याशी बोलत. माणसांसमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

उंबराची थोरली फांदी पारावर आडवी गेली होती. आठवड्यापूर्वी त्यानं ती ठोकली, तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. ती उतरवायचा हुकूम त्याच्या खिशात घडी होऊन पडला होता, पण करवत दिसली की भक्त खोडाला मिठ्या मारून उभे राहायचे. येत्या गुरुवारी महाआरती होती, पारावर दोनशे बायका बसणार होत्या. आणि पहिल्या ओळीत, नेमकी त्या फांदीखाली, त्याची थोरली बहीण आक्का. तिच्या गुडघ्याला दुधाचा गुण आला होता.

त्यानं तिला सांगून बघितलं. खोडाचा तो ओठ म्हणजे त्यानंच नऊ वर्षांपूर्वी बसवलेली लोखंडी नळी होती. फांदीच्या बेचक्यात ढोली झालेली. तीत पावसाचं पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून त्यानं पाण्याला वाट काढून दिली होती. पुढं वाढत्या सालीनं नळीचं तोंड झाकत आणलं.

"बरं, नळी तू बसीवलीस," आक्का म्हणाली. "मग दूध कुणी घातलं?"

हाच तर खरा प्रश्न होता, आणि तो आक्कालाच पडला म्हणून नृसिंहला क्षणभर उमेद आली. पण तिचं उत्तरही तयार होतं. "दत्तानं तुझ्या हातनं करून घेतलं, नरसू. कसला भाग्यवान हाईस तू."

बुधवारी संध्याकाळी तो दुधाच्या कट्ट्यावर गेला. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, डोळ्यांदेखत पिळलेलं फेसाळ दूध तांब्यातून उभ्या उभ्या प्यायचं, ही कोल्हापूरची रीत. तिथं जोतीराम पैलवान बसले होते. कुस्ती सुटून वीस वर्षं झाली, दूध सुटलं नव्हतं. म्हशीनं दुपारी सरकी खाल्ली की नुसता कडबा, ते एका घोटात सांगायचे. देवधर्माशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, म्हणून उंबराकडं ते फिरकलेच नव्हते.

नृसिंहनं घरून सहा वाक्यं पाठ करून आणली होती. सहाही विसरला. तोंडातून एवढंच आलं, "अण्णा, त्या उंबराचं दूध कट्ट्यापेक्षा सरस हाय म्हणत्यात."

पैलवानांनी तांब्या खाली ठेवला. "कोण म्हणतंय?"

गुरुवारी सातला धार लागली आणि पैलवान आपला तांब्या घेऊन पुढं झाले. महाराज तीर्थ द्यायचे ते पळीनं, तेही तुळस, साखर आणि कापूर घालून. पैलवानांनी पळी बाजूला सारली. आडव्या आलेल्या शिष्याला उचलून झाडामागं ठेवला आणि तांब्या थेट नळीला लावला. सगळे तांब्याकडं बघत होते; नृसिंह एकटा आक्काच्या डोक्यावरच्या फांदीकडं.

पैलवान एक घोट प्याले. तोंडात घोळवला. डोळे मिटले.

"पाणी हाय," ते म्हणाले. "तिसरा हिस्सा."

कोल्हापूरनं झाडाचा पान्हा मानला होता, हिमालयातला पाय मानला होता. पण दुधात पाणी? सगळा पार उठून उभा राहिला. महाराज घाईघाईनं सांगू लागले की उंबर मुळांनी पाणी ओढतो, थोडं पातळ व्हायचंच. तेवढ्यात पैलवानांनी जिभेवरून दोन बोटांनी काहीतरी काढलं आणि उन्हात धरलं. काळा, राठ केस.

"आणि ह्यो? उंबराला शेपूट कवा फुटलं, महाराज?"

हसण्याचा असा काही लोट उठला की बनाबाई फूलवाली आपल्याच हारांच्या पाटीत बसली. त्या गलक्यात नृसिंह शिडी लावून वर चढला. बेचक्यात सगळं मांडून ठेवलेलं होतं: ढोलीत खोचलेलं पत्र्याचं नसराळं, त्यातून पानांआडून शेजारच्या लॉजच्या गॅलरीपर्यंत गेलेली हिरवी रबरी नळी, आणि गॅलरीत दुधाची चरवी धरून बसलेला दुसरा शिष्य. तिसरी "माते!" ऐकू आली की त्यानं ओतायचं. ढोलीत मुंग्या लागल्या होत्या, आंबट वास सुटला होता, लाकूड आणखी कुजलं होतं. नृसिंहनं रबरी नळी उपसून सगळ्यांना दिसेल अशी खाली सोडली.

मग एक कोवळा शेंडा खुडून त्यानं आक्काच्या हातावर टाकला. देठातून पांढरा थेंब आला आणि तिची बोटं एकमेकांना चिकटली.

"उंबराचं दूध ते," तो वरून म्हणाला. "नुसता चीक. आता ऊठ तिथनं, आक्का."

ती उठली. तिच्यामागं बाकीच्याही बाजूला झाल्या. दोरखंड बांधून करवत लावली. ती निम्म्यावर जायच्या आत फांदी कडाडून पारावर आली. आक्काचं बसकर तिच्याखाली सापडलं. मोडलेल्या फांदीत काळा भुसा होता, मुठीनं काढावा असा. महाराज कुठल्या पायावर पळाले, ते कुणी पाहिलं नाही.

घरी जाताना आक्का म्हणाली, "पण माझा गुडघा तर बरा झाला की रं."

"वर्षभर खाटेवर बसून होतीस. महिनाभर रोज उंबरापर्यंत मैलभर चाललीस."

तिनं चालता चालता गुडघा चाचपला. मग म्हणाली, "उद्यापास्नं कुठवर चालू?"

उंबर आजही उभा आहे. झाडाला कुणी देव मानावं, त्याला हरकत नाही; पण देव आजारी असेल तर त्याची कुजकी फांदी काढायची असते, तिच्याखाली आरती करायची नसते. आणि अद्भुत असं काहीही कुणी दाखवलं, तर हात जोडण्याआधी एकदा ठोकून बघावं. भरीव असेल तर ठोकल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

आक्का त्यानंतर रंकाळा तळ्यापर्यंत फिरायला जाऊ लागली. जाताना नृसिंहची मोगरी घ्यायची, वही घेऊन त्याला मागं चालवायची, वाटेतल्या प्रत्येक झाडाला कान लावायची, आणि एखादं पोकळ वाजलं की भर रस्त्यात ओरडून सांगायची, "नरसू, लिहून घे."