एका ओढीला एकच काम

मित्रांनो, किळस यायला नाक लागतेच असे नाही. मला नाक नाही, जीभ नाही, पोटही नाही. मी ओतीव लोखंडाचा एक जुना प्रेस आहे, आणि तरीही माझ्या आयुष्याची कित्येक वर्षे मी नुसत्या शिसारीत काढली.

प्रेस म्हटल्यावर तुम्हांला छापखाना आठवेल. मी त्यातला नव्हे. शिकारीच्या रायफलीतून गोळी उडाली की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी मागे उरते. ती पुन्हा आकाराला आणायची, तिच्या बुडाशी नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू मोजून घालायची आणि तोंडावर नवी गोळी दाबायची. यातली दाबादाबी माझ्याकडे. माझा दांडा एकदा ओढला की एका पुंगळीचे एकच काम होते. पुढच्या कामासाठी पुन्हा पहिल्या पुंगळीपासून सुरुवात. मी मंद आहे.

मोंटानातल्या ब्यूट गावचा अर्विड माकी माझा पहिला मालक. तो तांब्याच्या खाणीत काम करायचा. दुकानात माझ्या शेजारी एक फिरत्या चकतीचे, चकचकीत यंत्र मांडले होते. एकेका ओढीला एकेक तयार काडतूस बाहेर टाकणारे.

"अर्विड, हे घे," दुकानदार म्हणाला. "बसल्या बसल्या डबे भरतील."

"डबे कशाला? मला वर्षाला एक एल्क हरीण मिळालं की पुरे," अर्विड म्हणाला. त्याने माझा दांडा चारदा खालीवर केला, सांधा खुळखुळतो का ते कान लावून ऐकले आणि मला काखेत मारून घरी नेले.

त्याच्या घरी मला मान होता. साबणाने हात धुतल्याखेरीज तो माझ्यासमोर बसत नसे. दारू घातलेल्या पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या करून तो बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीच्या तोंडात डोकावायचा. कधी हे काम वर्ना आणि एलना या त्याच्या मुलींकडे असे. एकीने पाहिले की दुसरीने पाहायचे. मग गोळ्या बसत. त्या हरणाच्या मांसावर त्या घराने हिवाळेच्या हिवाळे काढले.

अर्विड गेला. वर्ना मिसूलाला शाळेची बस चालवू लागली. घर धाकट्या एलनाकडे आले, आणि एलनाबरोबर आला तिचा नवरा, रॉइस टल.

रॉइसबद्दल बोलतानाही माझ्या दांड्याला मळ चिकटल्यासारखे वाटते. हा माणूस ओठाखाली तंबाखू धरून बसायचा आणि कोकच्या रिकाम्या डब्यात थुंकायचा. डबा माझ्या बुडाशी. नेम चुकला की तपकिरी ओघळ माझ्या खांबावरून खाली उतरायचा आणि तिथेच वाळायचा. डुकराच्या मांसाचे सँडविच खाता खाता मोहरीच्या सॉसने बरबटलेल्या हाताने तो माझा दांडा धरायचा. माझ्या कडेवर बिअरच्या बाटल्यांची बुचे उघडायचा. एकदा तर त्याने ओले मोजे माझ्यावर वाळत घातले. त्याला मी नकोच होतो. त्याने फिरत्या चकतीचे यंत्र आणले होते आणि ते माझ्या शेजारीच बसवले होते. भिंतीवर टीव्ही होता. फुटबॉल चालू, एक डोळा तिकडे, तोंडात तंबाखू, आणि हात यंत्रावर.

त्या शरद ऋतूत वर्नाच्या खांद्याचे ऑपरेशन झाले होते. दुकानातल्या काडतुसांचा धक्का तिला सोसणार नव्हता. शिकार सोडायचीही तिची तयारी नव्हती. तिला कमी दारूची, हलकी काडतुसे हवी होती.

"भरून ठेवतो की! घरचाच मामला आहे," रॉइसने फोनवर सांगितले.

मित्रांनो, हलक्या काडतुसाची एक वाईट खोड आहे. दारू थोडीच असते, पुंगळी निम्मीही भरत नाही. त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, गुपचूप आत मावते, आणि उडवताना रायफलच फुटते. रॉइस भरत असताना टीव्हीवर त्याच्या संघाला गुण मिळाले. दांडा अर्ध्यावर सोडून तो ओरडत उठला. परत बसला, चकती मागे फिरवली आणि पुन्हा ओढली. एकाच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली. मी शेजारून बघत होतो. पुढे तेच आणखी एकदा झाले. तो मात्र डब्यात थुंकला आणि पुढची पुंगळी भरू लागला.

शनिवारी वर्ना आली. गॅरेजच्या दारातच तिने नाकाला रुमाल लावला.

"या मेहुणीबाई! तुमचा माल तयार आहे," रॉइस सँडविच चावत म्हणाला.

वर्नाने माझ्याकडे पाहिले, वाळलेल्या ओघळांकडे पाहिले, थुंकीच्या डब्याकडे पाहिले. "यातून निघालेली गोळी मी गालाशी धरून उडवू? रॉइस, प्रत्येकात दारू किती आहे ते पाहिलंस का?"

"मशीन पाहतं ना. मी कशाला पाहू?"

तिने बापाचा जुना काटा फळीवरून खाली काढला, पुसला आणि एकेक काडतूस तोलू लागली. रॉइस हसत होता. "एलना, तुझी बहीण सोनाराच्या दुकानात बसली बघ!"

एका काडतुसाला काट्याची दांडी खाली गेली. वर्नाने ते बाजूला ठेवले, हातोडीसारख्या अवजारात अडकवून आपटून उघडले आणि दारू कागदावर ओतली. दुसरे एक उघडून त्याच्या शेजारी ओतली. पहिला ढीग दुसऱ्याच्या दुप्पट होता. दारात उभ्या असलेल्या एलनाने तोंडावर हात ठेवला.

"एखाद्यात होतं तसं," रॉइस म्हणाला.

"एखाद्यात? माझं तोंड उडालं असतं! याच ढिगातली आणखी कोणाला दिलीस?"

"क्लेमला दिली डबाभर. त्याचं मनगट दुखतं ना. सकाळीच नेली."

क्लेम ओडेगार्ड म्हणजे खालच्या रस्त्यावरचा निवृत्त पोस्टमन. एलनाने फोन लावला. वाजत राहिला. "तो आत्ता नेमबाजीच्या मैदानावर असेल. ताई, चल! रॉइस, तूही ऊठ."

"तुम्ही दोघी जाताय ना? मग मी येऊन काय करू?"

गाडी निघून गेली. गॅरेजमध्ये आम्ही दोघेच उरलो. मला वाटले, आता तरी हा येरझाऱ्या घालील, पुन्हा फोन करील. मित्रांनो, त्याने सँडविच संपवले. बोटे चाटली. माझ्या कडेवर बिअरचे बूच उघडले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मोजे, मोहरी, थुंकी, सगळे मी सोसले होते. पण त्या निवांत चावण्याच्या आवाजाने मला जी किळस आली, तिला तोड नाही.

त्या दोघी परतल्या तेव्हा एलनाच्या हातात क्लेमचा डबा होता.  क्लेमने चार-पाच गोळ्या उडवल्या होत्या आणि पुढचे काडतूस रायफलीत घातले होते. वर्नाने मैदानाच्या टोकावरून बस थांबवताना देते तशी आरोळी ठोकली, म्हणून त्याचे बोट चापावरून निघाले. ते काडतूस वर्नाने काट्यावर ठेवले. दांडी धाडकन खाली गेली.

रॉइसने मान वळवून पाहिले. "झालं का काही? नाही ना! उगाच आकांडतांडव."

एलनाने त्याच्याकडे पाठ केली. मग तिने पाना घेतला.

"ताई, तुला कोणतं हवं? हे की ते?"

"बाबांचं. एका वेळी एकच काम, पण डोळ्यांसमोर."

एलनाने माझे चारही बोल्ट स्वतः सोडवले. रॉइसने विचारले, "आणि जेवणाचं काय?"  तिने मला वर्नाच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. थोड्या वेळाने माझ्या शेजारी एक बॅग येऊन पडली. एलनाची.

वर्नाच्या अंगणात दोघींनी मला रॉकेलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशाने घासले. बादली काळी-तपकिरी झाली. ती ओतली, नवी भरली, तीही तशीच झाली.

"बघ ना ताई," एलना बादलीकडे बघत म्हणाली, "याच्याशेजारी बसून मी इतकी वर्षं जेवले."

 वर्नाने ती बादलीही ओतून टाकली.

त्या वर्षी वर्नाला एल्क मिळाले. एलनाने वर्नाच्या ओव्हनमध्ये मांस भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या भाजल्या आणि क्लेमला पाठवल्या. ती ब्यूटला परत गेली नाही.

मित्रांनो, मला गंज लागला तरी मी कुरकुर करणार नाही. तो तेलाने जातो. पण मी घडवलेली वस्तू कोणाच्या तरी गालाशी, डोळ्याशेजारी फुटणार असते. म्हणून खरकट्या हातांनी आणि उडत्या चित्ताने माझ्यासमोर बसू नका. टीव्ही बंद करा, तोंडातले थुंकून या, आणि लांब थुंका. घाई असेल तर सरळ दुकानात जाऊन तयार डबा घ्या. आणि "झालं का काही?" असे विचारणारा माणूस भेटला, तर त्याच्या हाती माझा दांडा देऊ नका.