गैबीचाचांसाठी घड्याळ

"पन्नास मीटर लिहिलंय म्हणजे हे पन्नास मीटर खाली जातंय, असं नसतंय पावणं," दत्तोपंत म्हणाले, आणि लहान पोरानं ब्लेड उचलल्यावर काढून घेतात तसं तोहिदच्या हातातनं घड्याळ काढून घेतलं. "पावसात भिजा, हात धुवा, तलावात चार हात मारा. बुडी मारायची असेल तर हे घरी खुंटीला ठेवा."

"मग लिहितात कशाला?" तोहिद भडकला.

"तुमच्या गाडीच्या काट्यावर एकशेवीस लिहिलंय. जाते का कधी?"

"उताराला जाते की."

मी त्याला कोपर मारलं. तिसरं दुकान होतं ते. पहिल्यात सोनेरी पट्ट्याचं दाखवलं, वर म्हणे लग्नात पण चालतंय. दुसऱ्यातल्या पोरानं पावलं मोजणारं दाखवलं. पाण्याखाली कसली पावलं मोजणार? आणि आम्हाला घाई. म्हणजे कसली घाई ते सांगता येत नव्हतं, पण तोहिदचा मोबाईल वाजला की आम्ही दोघंही आधी नंबर बघायचो.

आता तुम्ही म्हणाल, एका घड्याळासाठी एवढं काय? थांबा की, सांगते, मधे बोलू नका.

गैबीचाचा म्हणजे तोहिदचे अब्बा. गादीवाले. तीस वर्षं झाली, लोकांच्या दारात, गच्चीवर बसून कापूस पिंजतात, गाद्या भरून देतात. आणि तीसच वर्षं पाण्यात बुडालेली माणसं वर काढतात. नदी असो, विहीर असो, खण असो, कुठं कोण बुडालं की चाचांना फोन. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. एक श्वास घ्यायचा, कमरेला दोर बांधायचा आणि खाली जायचं. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तो पण बिनसाखरेचा. महापुरानंतर आम्ही कॉलेजची पोरं त्यांच्यासोबत जायला लागलो. दोर धरायचा, ट्यूब धरायची, गर्दी मागं सारायची, एवढंच काम.

पण छातीत तीस वर्षांचा कापूस बसलाय हो त्यांच्या. दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं, डॉक्टरांनी आकडा बघितला आणि म्हणाले, बुडी बंद. चाचा म्हणाले, बरं. आणि दुसऱ्याच आठवड्यात नदीत उतरले.

त्या दिवशी मी काठावर होते. दोर त्यांनी जोरात हलवला की ओढायचा, हा नियम. दोर हलेचना. चाचा खाली गेले की मी पण श्वास धरते, सवयच लागलीय. माझा संपला, परत घेतला, परत संपला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा ते वर आले. ओठ जांभळे, डोळे बाहेर. आणि आम्ही सगळे रडायच्या बेतात, तर हे म्हणतात, "काय झालं रं? आत्ता तर गेलतो की."

खरी भीती तिथं आहे, कळतंय का? दम कमी झालाय ते सोडा. दम संपत आलाय, हेच त्यांना खाली कळेनासं झालंय.

घरी बिबीजानचाचीनं बादली भरली. "घाला तोंड," म्हणाली. चाचांनी गुमान तोंड घातलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी. चाळीसला ह्यांना खोकला आला, सगळं पाणी फरशीवर. चाची म्हणाली, "चाळीस. त्याच्यावर एक सेकंद न्हाई. रोखलं तरी तुम्ही ऱ्हायचं न्हाई ते मला ठाऊक हाय. पण हाताला घड्याळ बांधून जायचं. न्हाईतर ही मिळायची न्हाई." आणि त्यांची बुडीची खाकी हाफ चड्डी तिनं पिठाच्या डब्यात कोंबली. खरंच! नंतर काढली तेव्हा पांढरीफेक झालती.

तर म्हणून आम्ही दत्तोपंतांच्या दुकानात. सगळं ऐकल्यावर त्यांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेवर तीन घड्याळं मांडली. एक दोनशे मीटरवालं, फिरत्या कड्याचं, काट्यांचं. किंमत ऐकून तोहिदनं ते हळूच परत सरकवलं. दुसरं चामडी पट्ट्याचं. ते स्वतःच म्हणाले, "हा पट्टा चार बुड्यांत कुजतोय. दाखवायला ठेवलंय, घेऊ नका." तिसरं शंभर मीटरचं, काळं, जाडजूड, रबरी पट्टा, आकडे हे एवढे, आणि बटण दाबलं की पिवळा उजेड.

"शंभरवर भागतंय का?" मी विचारलं.

"टाकी लावून जाणाऱ्यानं घेऊ नये. तुमचे चाचा एका दमात जातात, पंचवीस-तीस फूट. त्याला हे पुरतंय. फक्त पाण्यात बटण दाबायचं नाही. उजेड हवा तर आधी लावा, बटण सोडलं तरी मिनिटभर राहतोय." मग म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला काढलंय तुमच्या चाचांनी. विहिरीतनं." एवढंच बोलले आणि पावती फाडायला लागले.

घरी नेऊन आम्ही काय काय केलं त्या घड्याळाचं! बादलीत रात्रभर ठेवलं. गच्चीवरनं कापसाच्या ढिगात टाकलं, मग नुसत्या फरशीवर टाकलं. तोहिदनं गादी बडवायच्या काठीनं दोन हाणल्या. काय हललं नाही त्याचं. नाद खुळा! सेकंद आपले पुढं पळतायत. चाचा बघून हसले. "हे काय रं, मापाचं वजन बांधलंय का हाताला?" पण बांधलं. चाचीनं चड्डी दिली.

आणि नवव्या दिवशी फोन आला.

कळंब्याच्या पुढं एक जुनी खण आहे. दगड काढून झाले, पाणी भरलं, तशीच पडलीय. सकाळी पोरं पोहायला गेली, त्यातला एक वर आलाच नाही. राजवीर, एकोणीस वर्षांचा. आम्ही पोचलो तोवर दीड तास झालता, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलेलं होतं. अग्निशमनची बोट दुसऱ्या कॉलवर नदीला, यायला तास तरी लागणार. आणि त्याचे वडील ज्ञानू, गवंडी आहेत, सिमेंटचे हात तसेच घेऊन आलेले. ते रडत नव्हते. जो जवळ येईल त्याला एकच विचारत होते, "खाली लई थंड असंल न्हवं?"

चाचांनी शर्ट काढला, दोर बांधला, घड्याळाचा उजेड लावला आणि गेले.

वीस सेकंदांत वर! मला एवढं बरं वाटलं, म्हटलं जमलं. तर ते काठाला आले, खडकाला धरून दम घेतला आणि मनगट पुढं केलं.

"दिसत न्हाई."

"लाईट लागली नाही का?" तोहिद.

"लागली की. डोळ्याला टेकवला हात. नुसता पिवळा चिखल दिसतोय. आकडा न्हाई." मग पट्टा सोडायला लागले. "आणि आकडा बघत बसलो तर हुडकू कशानं? खाली माझं डोळं म्हंजे हातच हाईत."

बघा म्हणजे! बादलीत बघितलं, काठीनं बडवलं, गच्चीवरनं टाकलं. गढूळ पाण्यात दिसतंय का, हे तेवढं बघायचं राहिलं. तीन पदव्या आमच्या सगळ्यांत मिळून, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"मग बस झालं, अब्बा. बोट येऊ दे," तोहिद म्हणाला.

चाचांनी ज्ञानूंकडं बघितलं. मग मला हाक मारली. "सई, हिकडं ये बाळ. हात दे."

माझ्या मनगटावर शेवटच्या भोकात पण ते ढिलं होत होतं, म्हणून त्यांनी ओढून कोपराच्या खाली चढवलं. ओल्या पट्ट्यानं कातडं ओढलं. "म्या खाली गेलो की मोजायचं. चाळीसला वड. म्या दोर हलवू दे न्हाईतर न हलवू दे. चाळीस म्हंजे चाळीस."

"चाचा, तोहिदला द्या की!"

"त्यो मुलगा हाय. धाला वडंल." दहाला ओढेल, म्हणाले, आणि तोहिदनं नुसता दोर हातात घेतला, कारण खरं होतं.

दुसरी बुडी. मी आकड्यांकडं बघत होते, पापणी पण लवू दिली नाही. तोंडानं मोठ्यानं मोजत होते. चाळीसला मी आणि तोहिदनं ओढलं, चाचा आले. रिकामे. तिसरी बुडी, तशीच. दोन्ही बुड्यांच्या मधे ते खडकाला डोकं टेकून बसायचे, आणि त्यांच्या छातीतनं शिट्टीसारखा आवाज यायचा, तो मला दहा फुटांवर ऐकू येत होता. मी म्हटलं, आता बस. ते म्हणाले, "अजून एक. डाव्या अंगाला हुडकायचं ऱ्हायलंय."

चौथी.

पंधरा. वीस. पंचवीस. तिसाला दोर हलला! एकदा, मग थांबून परत एकदा. दोन हलके झटके म्हणजे आमच्यात, लागलंय हाताला, थांबा.

"गावलं!" मागनं कोणतरी ओरडलं. सगळी गर्दी पुढं. पस्तीस. अडतीस. माझे हात दोरावर आवळले आणि मागनं एक माणूस म्हणतोय, "ओ ताई, वडू नका, हातात आलेलं सुटंल!" दुसरा म्हणतोय, "एवढं दोन मिंटं थांबा की!" दोन मिनिटं! चाळीस. तोहिद माझ्याकडं बघतोय. आणि ज्ञानू. ते ओढा म्हणत नव्हते की नका म्हणत नव्हते. नुसते माझ्या हाताकडं बघत होते. पंचेचाळीस.

खोटं नाही सांगत, मी थांबले. मी ओढलं नाही. मनात आलं, अजून पाच सेकंद, तेवढ्यात घेऊन येतील, ह्या माणसाचा पोरगा वर येईल. चाळीस म्हंजे चाळीस हे कानात वाजतंय आणि हात हलत नाहीत. पन्नास. दोर अगदी शांत. बावन्न. मग मला एकदम ती बादली दिसली, ते फरशीवरचं पाणी, आणि मी किंचाळले, "ओढ!"

आले. चाचा उलटे, बाजूला वळून, लाकडासारखे आले. खडकावर ओढून पालथं घातलं, तोहिदनं पाठीवर थापट्या मारल्या. पाणी आलं, मग खोकला, मग ती शिट्टी. ओठ परत जांभळे. दोन्ही हात रिकामेच दिसले, पण मुठी घट्ट आवळलेल्या. बोटं उघडली तर एका मुठीत शर्टाचं बटण.

मागं कोणतरी म्हणालं, "हातातलं घालवलं बाईनं." मी ऐकलं. तुम्हाला कधी असं ऐकायला न लागो.

बऱ्याच वेळानं चाचांनी डोळे उघडले. "किती झालं?"

"अठ्ठावन्न," मी म्हटलं. मला रडायला यायला लागलं. "चाचा, मला चाळीसला जमलं नाही."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मला ईस वाटलं, पोरी."

चाचांनी कमरेच्या दोराची गाठ सोडली. ओल्या दोराची गाठ सुटायला वेळ लागतो, तोहिद पुढं झाला तर त्याचा हात बाजूला केला. स्वतः सोडली. मग ओढायच्या आधी दोराला जिथं माझी मूठ होती तिथं खूण म्हणून दुसरी गाठ मारायला लावली. "काठापास्नं एवढं लांब हाय त्यो. खडकाच्या सांदीत अडकलाय. आता दिशा चुकायला नको."

"ट्यूब टाकतो तिथं," तोहिद म्हणाला.

"वाऱ्यानं सरकंल. पाण्यावर खूण ऱ्हात न्हाई लेका."

आणि ते उठले. तोहिद नको नको म्हणत होता, तरी उठले. खणीत काठाशी एक खडकाचा टप्पा आहे, पाण्याखाली, छातीएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. त्याच्यावर जाऊन उभे राहिले, उजवा हात सरळ पुढं केला आणि बोट एका जागी रोखलं. बस. अग्निशमनची बोट येईपर्यंत.

मी वेळ बघत होते, दुसरं काय करणार? पाच मिनिटं झाली. अकरा झाली. वारा सुटला, पाण्यावर सगळीकडं सारख्याच सुरकुत्या. चाचांचा दंड थरथरायला लागला, पण बोट हललं नाही. ज्ञानू चप्पल काढून पाण्यात उतरले. पोहता येत नव्हतं त्यांना. टप्प्यावरनं चाचपडत चाचांच्या शेजारी गेले आणि आपला सिमेंटचा हात त्यांनी चाचांच्या कोपराखाली धरला, टेकू दिल्यासारखा. दोघं एकाच दिशेला बघत उभे. सदतीस मिनिटं.

मग बोट आली. चाचांनी नुसतं बोट दाखवलं, तोहिदनं दोराची गाठ दाखवली. बोटीवरच्यांनी गळ टाकला. पहिल्यांदा नुसता चिखल. दुसऱ्यांदा चिखल. तिसऱ्यांदा त्यांचा दोर ताठ झाला. ज्ञानूंच्या तोंडातनं एक आवाज आला आणि ते काठाकडं वळले, गर्दी तिकडं पळाली, पोलीस पळाले, चादर घेऊन कोणतरी पळालं.

चाचा तसेच उभे. हात पुढं, बोट त्याच जागी.

तोहिद पाण्यात उतरला. "अब्बा, सापडला. हात खाली घ्या."

चाचांनी मान हलवली, पण हात खाली येईना. खांदा आखडून बसलता. मग तोहिदनं तो हात दोन्ही हातांनी धरला, गादीत कापूस दाबतात तसा हळूहळू दाबला आणि पाण्यावर आणून ठेवला.