पाटीचा खालचा कोपरा

आईला जाऊन एक वर्ष झालं आणि गावाला तिची आठवण काढायची हुक्की आली. साधीसुधी नव्हे, रीतसर हुक्की. समिती, अध्यक्ष, छापील पत्रिका, आणि पत्रिकेत सगळ्यात खाली आम्हा तिघा भावंडांची सोय: 'मुलांचे मनोगत'. मोठा, मधली, धाकटा. मधली मी. दवाखान्याच्या दालनात आईचा फोटो लागणार होता, फोटोखाली तिची पाटी, आणि आम्ही पाच-पाच मिनिटं सांगायचं की ती किती थोर होती.

मी लगेच होकार कळवला. तिथेच दादाला शंका आली. फोन करून म्हणाला, "तू आणि एका शब्दात हो? काय बोलणार आहेस?"

"खरं."

"मधले, गेलेल्या माणसाबद्दल..."

"खरं बोलायला माणूस गेलेलाच बरा, दादा. मध्ये बोलत नाही."

खरं काय ते सांगते. आमची आई दवाखान्यात नर्स. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. दुपारी दवाखाना बंद झाला की तिचं खरं काम सुरू व्हायचं: कुणाची सुई, कुणाचे टाके, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासूचा नुसताच राग. घरी जाऊन सुई टोचायचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं जगात आणखीही असतील, पण या भाकऱ्यांना चूल आमची होती, हे कुणी लक्षात घेत नाही. वडील मी चार वर्षांची असतानाच गेले. घरात मोठं माणूस म्हणजे तीच, आणि ती घरात नसायची.

घरात असायची ती पाटी. शाळेची जुनी, एका बाजूने तडा गेलेली, बाहेरच्या दारावर खिळ्याला टांगलेली. निघताना आई त्यावर लिहायची, 'बेकरीच्या मागे. पहिलं बाळंतपण, उशीर होईल.' किंवा, 'पुलापलीकडे. टाके काढायचे. पाचपर्यंत.' ज्याला बाई हवी तो यायचा, पाटी वाचायचा आणि तिकडे धावायचा. सोय उत्तम होती, मी नाही म्हणत नाही. पण त्याच पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ती आम्हा तिघांनाही लिहून ठेवायची, एकेका शब्दात. 'मोठा: खोकला. मधली: निबंध. धाकटा: दात.'

आता सांगा, कुठली आई असं करते? लोक घरातल्या गोष्टी झाकतात, आमच्या चव्हाट्यावर. मी सातवीत असताना पाटीवर 'मधली: उवा' असं तीन दिवस होतं. तीन दिवस! शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. मी घरी येऊन आकाशपाताळ एक केलं, तर आई साबणाने हात धूत म्हणाली, "लपवल्याने उवा जात नाहीत." चौथ्या दिवशी न्हाव्याची बायको आपणहून दारात उभी, हातात बारीक फणी. "सहज आले होते गं," म्हणाली. सहज! आणि दोन तास माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मला वाटायचं, आईला आम्ही लक्षातच राहत नाही. म्हणून लिहून ठेवते बिचारी.

आणि हे असे 'सहज' येणारे तर ढिगाने. दवाखान्याचा चौकीदार सहज यायचा आणि धाकट्याला सायकल शिकवत बसायचा. गिरणीवालीण सहज यायची आणि आमच्या चुलीवरची भांडी उघडून बघायची. "जेवलात का रे?" हा प्रश्न तर येणाराजाणारा कुणीही विचारायचा. या लोकांना स्वतःची घरं नाहीत का, असं मी एकदा आईला विचारलं. "आहेत ना," ती म्हणाली आणि चपला घालून त्यातल्याच एका घरी गेली.

या सगळ्यांत कळस म्हणजे शिंपीकाका. गुरुवारी बाजार बंद, म्हणून दर गुरुवारी चारच्या ठोक्याला हजर. "घोटभर पाणी मिळेल का गं?" त्यांचं दुकान आमच्यापासून तीन गल्ल्या लांब, दुकानाच्या समोर नळ, तरी तहान लागायची ती आमच्या दारात. पाणी पिऊन झालं की उंबऱ्यावर बसायचे आणि विचारायचे, "आज काय धडा आहे?" मग मी निबंधाची वही आणायचे, कारण वाचून दाखवल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही. डोळे मिटून ऐकायचे. प्रत्येक परिच्छेदाला एकच शेरा: "बरोबर आहे. पुढं."

तीन वर्षं मी लिहिलेलं सगळं बरोबर होतं. 'माझी सहल' या निबंधात मी समुद्रकिनाऱ्यावर बर्फ पाडला, तोही बरोबर होता. परीक्षेत त्याच निबंधाला वीसपैकी तीन मिळाले. मी शाळेत भांडले, की शिंपीकाका तर बरोबर म्हणाले होते. अख्खा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी पक्कं केलं, की हा बिनकामाचा माणूस आहे, आणि असल्या बिनकामाच्या माणसांच्या हवाली आम्हाला करून आई जग तारायला जाते.

आता मीच शिक्षिका आहे. रोज चाळीस निबंध तपासते. 'चूक. पुन्हा लिहा' हे लाल शाईने इतक्या वेळा लिहिलंय, की पगाराच्या कागदावर सही करतानाही हात तिकडे वळतो.

तर भाषण. सहा पानं लिहून नेलं होतं. मथळा, 'दिव्याखाली अंधार'. मला एकदाच, सगळ्यांसमोर, तोंडावर ऐकवायचं होतं की ज्या बाईला तुम्ही गावाची आई म्हणता तिला तीन मुलं होती आणि ती तिने दारावर टांगून ठेवली होती. पन्नाशी उलटली तरी हे मला आईशी बोलता आलं नव्हतं. भांडायला समोरचं माणूस समोर असावं लागतं. शेवटची सहा वर्षं मी तिला दर रविवारी फोन करायचे, चार मिनिटं. ती विचारायची, "जेवलीस?" मी म्हणायचे, "हो." तेवढ्यात तिच्याकडे दार वाजायचं आणि ती म्हणायची, "ठेवते हं, कुणीतरी आलंय." शेवटपर्यंत तिच्याकडे कुणीतरी आलेलंच असायचं.

कार्यक्रम बुधवारी होता. दालनात शिरले आणि आधी पाटीपाशी गेले. ओळखूच येईना. तडा लांबी भरून बुजवलेला, वर चकचकीत काळा रंग, आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने वळणदार अक्षरांत, 'सेवा हाच माझा श्वास.'

"हे कुणी केलं?"

अध्यक्ष पुढे आले. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. "रंग आमच्याच दुकानातला," ते फुशारून म्हणाले. "काही झालं तरी पुसायचा नाही."

"पण आई असं कधी म्हणाली नाही."

"म्हणाल्या नसतील. पण म्हणाल्या असत्याच की!"

"आधी काय लिहिलेलं होतं?"

"वरचं पुसट होतं हो. खाली कोपऱ्यात तुमचंच काहीतरी होतं, मोठा, मधली असं. घरगुती. म्हटलं, ते कशाला जगाला दाखवायचं?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमची लाज राखली होती, आणि मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

भाषणं सुरू झाली. अध्यक्ष बावीस मिनिटं आईबद्दल बोलले, त्यातली वीस दुकानाबद्दल. दादा जिथे रडायला हवं तिथे बरोबर रडला. धाकटा म्हणाला, "आई म्हणजे काय, आई म्हणजे आईच," आणि घाम पुसत खाली आला. माझ्या आधी पत्रिकेत होतं 'एक ग्रामस्थ'. दोघांनी दोन्ही हातांना धरून शिंपीकाकांना माइकपाशी आणलं. ऐंशी ओलांडलेली, मानेला कंप.

"पत्रिकेत काय छापलंय ते मघाशी मला एकाने वाचून दाखवलं," ते म्हणाले. "बाईंनी कधी काही घेतलं नाही म्हणे. खोटं आहे."

अध्यक्षांनी खुर्ची सरकवली.

"पैसे नाही घेतले. अट घालायच्या. माझ्या बायकोला एकवीस दिवस रोज सुई होती. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, माझ्या दारावरची पाटी बघत जा. वर मी कुठे आहे ते असतं, खाली मुलांना काय हवंय ते असतं. मी तुमच्या घरी असेन तोवर तुमच्यातलं कुणीतरी माझ्या घरी पाहिजे. आणि पोरांना कळू द्यायचं नाही. त्यांना ओशाळं वाटता कामा नये. सहज आलो, म्हणायचं."

पुढच्या रांगेत न्हाव्याची बायको, आता पार वाकलेली, मान हलवत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मला सायकल होती!" कुणी म्हणालं, "मला थोरल्याचा खोकला!" हशा झाला. मी मागे वळून बघितलं, तर अर्ध्या दालनाचे हात वर.

"मला सांगितला होता मधलीचा निबंध," काका म्हणाले. "मी म्हटलं, बाई, मला अक्षरओळख नाही. पाटीसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो. मी काय तपासणार? तर म्हणाल्या, तपासायला शाळा आहे. तिला ऐकायला कुणीतरी हवंय." त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "एकवीस दिवसांनी सुया संपल्या. बायको बरी झाली. मी आपला दर गुरुवारी जात राहिलो तीन वर्षं. पोरगी लिहायची चांगलं. एकदा समुद्रावर बर्फ पडला होता."

मग माझं नाव पुकारलं.

सहा पानं हातात घेऊन मी माइकपाशी गेले. समोर सगळी ती 'सहज' आलेली माणसं. पानांची घडी घातली. "माझ्या भावांनी सांगितलंच आहे," एवढंच म्हटलं आणि खाली उतरले. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात आलं, 'कन्येला अश्रू अनावर, शब्द फुटेनात'. कसले अश्रू! मला संताप आला होता. चाळीस वर्षं मी एक गाऱ्हाणं उराशी जपलं, त्यावर वाढले, त्याच्या जोरावर गाव सोडलं, आणि एका शिंप्याने ते पाच मिनिटांत उसवून हातात दिलं. आई आमच्यासाठी होतीच, तर मग मी तिच्याशी चार मिनिटंच का बोलत होते? याचं उत्तर कुठल्या समितीकडे मागू?

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघायचं होतं. दादा, धाकटा गेले. मी पिशवी उचलली, स्टँडपर्यंत गेले आणि परत फिरले.

शिंपीकाकांची खोली दुकानाच्या मागे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मशीनवर कापड घातलेलं, टेबलावर माप घ्यायची फीत, चपट्या खडूचे तुकडे. हेच खडू आईच्या पाटीलाही असायचे. मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं, हे कुठून येतात म्हणून. मी दारातच उभी राहिले. चार वाजले होते.

"काका, घोटभर पाणी मिळेल का?"

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. हसले नाहीत. माठातून पाणी काढलं, पेला माझ्या हातात दिला.

"बस," म्हणाले. "आज काय धडा आहे?"

मी उंबऱ्यावर बसले, पिशवीतून सहा पानं काढली आणि वाचायला लागले. त्यांनी डोळे मिटले. खिडकीत बसून आईची वाट बघायचो ते आलं. "बरोबर आहे. पुढं." उवांचं आलं. "बरोबर आहे. पुढं." माझ्या बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेतली तिची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, ते वाचताना माझा आवाज फाटला. काका हळूच म्हणाले, "हेही बरोबर आहे. पुढं."

मी शेवटपर्यंत वाचलं. पानं मिटली. शेरा येईना.

"काका, संपलं."

"हं."

"बरोबर आहे ना?" माझा आवाज माझा मलाच दहा वर्षांच्या पोरीसारखा वाटला.

त्यांनी डोळे उघडले. "शेवटची ओळ परत वाच."

मी पान उलगडलं. "'आम्हाला वाढवायला घरात कुणीच नव्हतं.'"

"चूक आहे," शिंपीकाका म्हणाले. "पुन्हा लिही. आणि पुढच्या गुरुवारी वाचायला ये."