लॅकरच्या आधी

गाड्यांच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवून देणाऱ्या फिल्मवाल्यानं गाडीच्या दाराच्या आतल्या कडेवर, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, रुंद चिकटपट्टी ठेवली आणि अंगठ्याचं नख फिरवून फिरवून ती घट्ट बसवली.

"रंग कंपनीचा नाही म्हणालात ना, ताई?"

"नाही. माझ्या बाबांनी दिलेला आहे."

"मग हे करावंच लागतं. कंपनीच्या रंगाला मी लांबून नमस्कार करतो आणि सरळ फिल्म चढवतो. मागाहून दिलेल्या रंगाची मात्र आधी परीक्षा. उगाच नंतर तुम्ही मला बोलणार आणि मी तुम्हाला."

"घ्या की परीक्षा," ती म्हणाली आणि हसली. ज्या आईचा मुलगा दरवर्षी पहिला येतो तिनं निकाल ऐकायला उभं राहावं, तशी ती उभी होती.

गाडी दोन माणसांची, बुटकी, जमिनीला पोट लावून दबा धरलेल्या मांजरासारखी. रंग गडद निळा; दिव्याखाली आणली की त्या निळ्याच्या आत आणखी एक निळा जागा व्हायचा. कुणीतरी खांबावर घालून चेंदामेंदा केलेला तो सांगाडा बाबांनी भंगारातून उचलून आणला होता. गॅरेजची रोजची कामं आटपली की ते तिच्याकडे वळायचे. ठोकून, वाकवून, जोडून, वर्षानुवर्षं खपून त्यांनी तिला पुन्हा गाड्यांत जमा केलं, आणि मग रंग दिला. तो त्यांचा शेवटचा रंग. पुढं थोड्याच दिवसांत ते रोजच्या रस्त्यानं घरी येताना चुकले. मग गिऱ्हाइकांची नावं गेली, मग पान्यांची, मग आपण जेवलो की जेवायचं आहे हेही जायला लागलं. गॅरेजला कुलूप लागलं.

पण गाडी त्याच्या आधीची होती. हे तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. अलीकडे एक बाबा, पलीकडे एक बाबा, आणि मधल्या उंबरठ्यावर ही निळी गाडी. पलीकडच्या बाबांनी सगळ्या हातानं, सगळ्या शुद्धीनं केलेलं अखेरचं काम. म्हणून तर मागच्या महिन्यात ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं बॉनेटचा तिळाएवढा टवका काढला, तेव्हा ती गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन हमसाहमशी रडली होती.

"गाडीला प्लास्टिकची कातडी?" दादा फोनवर म्हणाला होता. "अगं, वापरायची वस्तू आहे. ओरखडे पडायचेच. उद्या छत्रीला छत्री घेशील."

त्याचं चुकत नव्हतं. हो-नाही, हो-नाही करत तिनं कितीतरी दिवस घालवले, आणि आज बाबांना शेजारी बसवून इथं आली.

काचेपलीकडच्या खोलीत बाबा बाकावर बसले होते. फिल्मवाल्याची बायको त्यांना नमुन्याचा पत्रा दाखवत होती. अर्ध्यावर फिल्म, अर्धा उघडा. तिनं तारेच्या ब्रशनं फिल्मवर खसाखसा ओरखडे काढले, किटलीतलं गरम पाणी वर ओतलं, आणि ओरखडे बघता बघता मिटून गेले. बाबा पुढं झुकले.

"म्हणजे जखमेवर गरम पाणी टाकलं की जखम गायब? मग माझ्या गुडघ्यावरही ओत की थोडं."

ती बाई खळखळून हसली. जरा वेळानं बाबांनी पत्रा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हे काय असतं गं पोरी?" तिनं पुन्हा ब्रश घेतला, पुन्हा पाणी ओतलं. बाबांनी पुन्हा गुडघा पुढं केला. आणि ती पुन्हा हसली, पहिल्यांदा हसावं तशीच. काचेतून हे बघताना मुलीला त्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"ओढतो हं," फिल्मवाला म्हणाला.

त्यानं पट्टीचं टोक नखानं उचललं आणि एका झटक्यात पट्टी ओढून काढली. मुलगी लगेच बघायला वाकली. पट्टीवर निळं काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

 फिल्मवाल्यानं मात्र पट्टी दिव्यासमोर धरली. पट्टीला चिकटून एक पारदर्शक साल आली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कोरडी, सबंध.

"रंग धरून आहे," तो म्हणाला. "वरचं लॅकर सुटतंय."

"म्हणजे?"

"रंग नुसता रंग असतो, ताई. चकाकी लॅकरची. ते रंग ओला-सुका असतानाच द्यायचं, म्हणजे दोघं एकमेकांना धरतात. रंग पार वाळून गेला, तर तो पाण्याच्या कागदानं घासून खरखरीत करायचा, मग लॅकर. इथं वाळल्यावर दिलंय, आणि न घासता. घाईत होतं असं कधी कधी."

"एवढ्याच जागी असेल."

त्यानं बॉनेटच्या आतल्या कडेला पट्टी लावून बघितली. मग डिकीच्या. दोन्ही वेळा साल आली. तिसऱ्यांदा पट्टी फाडायला त्यानं हात नेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून परत घेतला.

घाई, म्हणे. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. रंग देऊन झाला होता, कॉम्प्रेसरची घरघर थांबली होती, आणि ती चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली होती. बाबा उपड्या डब्यावर बसले होते. स्प्रे गन मांडीवर, नजर गाडीवर.

"दृष्ट लागेल तिला, बाबा. किती बघाल."

"थांब. बघू दे जरा."

दुसऱ्या दिवशीही ते तसेच बसले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिनं कौतुकानं घरभर सांगितलं, फोन करकरून दादाला सांगितलं, की म्हातारा गाडीच्या प्रेमात पडलाय, नुसता बघत बसलाय. मग एका सकाळी ते उठले आणि त्यांनी लॅकर मारलं. गाडी अशी उजळली, की येणारे-जाणारे दारात थांबून बघायला लागले.

ते बघत नव्हते. पुढं काय करायचं असतं ते शोधत होते. तीन दिवस त्या डब्यावर बसून शोधत होते, आणि ती समोर उभी राहून रिकामा कप विसळायला घेऊन गेली होती.

तिनं गाडीच्या टपावर हात टेकला. जो उंबरठा तिनं एवढा धरून ठेवला होता, तो मुळात तिथं नव्हताच. पलीकडचे बाबा कधी संपले हे तिला आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. ते मदतीला कुणाला हाक मारावी हे शोधत असतील, तेव्हाही ती हसतच असेल.

"यावर उपाय काय?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"दोन रस्ते आहेत. एक, हे सगळं उतरवायचं. लॅकरबरोबर खालचा रंगही घासला जाणार, म्हणजे गाडी नव्यानंच रंगवायची, आणि मग फिल्म. दुसरा, आहे त्यावर फिल्म चढवायची. ती दाबून धरेल. पण मग ती कधीच काढायची नाही. पिवळी पडली तरी नाही. काढली की लॅकर सोबत घेऊनच येणार."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर उन्हाच्या मर्जीवर. एखाद-दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतील." तो जरा थांबला. "धंद्याचं विचाराल, तर पहिला रस्ता. अशा रंगावर फिल्म लावणं म्हणजे पडक्या भिंतीला नवा पडदा. पैसे टाकावेत असं मी तरी सांगणार नाही."

नव्यानं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातानं. तो आत जागा होणारा निळा घासून पाण्याबरोबर नालीत.

"बाबांसमोर यातलं काही बोलू नका," ती हळूच म्हणाली.

पण काचेचं दार तोवर उघडलं होतं. हातात नमुन्याचा पत्रा घेऊन बाबा गाडीकडे येत होते. अनोळखी जागी ते अलीकडे भिंतीच्या कडेकडेनं चालत. गाडीजवळ येताच मात्र त्यांची चाल बदलली. पत्रा त्यांनी मुलीच्या हातात दिला, आणि पॅनलवरून अंगठा फिरवत, वाकून, मान तिरकी करत ते गाडीभोवती निघाले. उघड्या दारापाशी अंगठा थांबला.

"टॉर्च," ते म्हणाले आणि न बघताच हात पुढं केला.

फिल्मवाल्यानं मुकाट टॉर्च दिली. बाबांनी सालीची तुटकी कड नखानं उचलून बघितली.

"न घासता लॅकर." त्यांनी जिभेनं च् च् केलं. मग कारागिरांना शिकवताना म्हणायचे तसं, अर्धं स्वतःशी, अर्धं गाडीशी म्हणाले,

"आधी घासावं, मग पुसावं,
पुसून वाऱ्याला विचारावं,
मग अंगावर नेसवावं."

एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. तिनं ओठ आवळून धरले.

"ठकू, कुणाकडून करून घेतलीस ही?"

फिल्मवाला खाली बघून पट्टीची गुंडाळी करायला लागला.

"माझ्याकडे का नाही आणलीस?"

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. खेळात न घेतलेल्या मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. तुम्हीच केलीत ही, बाबा. एवढे चारच शब्द होते. ते तिच्या ओठांपर्यंत आले. बाबा तिच्याकडे बघत होते, टॉर्च चालूच होती, उजेड जमिनीवर पडला होता.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली.

"गॅरेज घरचं आणि गाडी परक्याकडे. बाप रंगारी, अन् लेकीची गाडी बघा म्हणतील."

"तुम्ही कामात होता."

"कामात तर असतोच मी. रांग असते दाराशी. पण तुझ्यासाठी रांग मोडली नसती का?"

"मोडली असती."

"मग."

ते पुन्हा गाडीकडे वळले. चाकावरच्या फुगीर वळणावर त्यांनी उजेड धरला आणि तिथंच थबकले. हात पालथा करून बोटांच्या पाठीनं त्या वळणावरून खालपर्यंत आले.

"पण हात बरा आहे हं याचा," जरा वेळानं ते म्हणाले. "इकडं ये, बघ. या वळणावर भल्याभल्यांचे ओघळ येतात. यानं येऊ दिला नाही. श्वास धरून गन फिरवलीय. वयस्कर असणार कुणीतरी."

"हो. वयस्करच आहेत."

"मग लॅकरच्या आधी याला झालं काय?"

 बाहेर कुणीतरी शटर खाली ओढलं, त्याचा आवाज येऊन विरला. बाबा तिथंच उभे होते. त्यांचा अंगठा निळ्यावर एका जागी गोल गोल फिरत राहिला.

"मन कुठंतरी गेलं असेल," ते म्हणाले. "जातं एखाद्या वेळी."

फिल्मवाल्यानं घसा खाकरला. "काका, तुम्हीच सांगा. सगळं उतरवू आणि नव्यानं करू?"

"नियमानं उतरवायलाच पाहिजे." बाबा ताठ झाले. मालकाच्या आवाजात बोलायला लागले आणि मधेच तो आवाज सुटला. "पण मग त्या माणसाचं काहीच राहणार नाही."

"नाही राहणार."

"तुझं ते प्लास्टिक, ते धरून ठेवेल याला?"

"काढली नाही, तर धरेल."

"फुकटचा खर्च आहे तसा," बाबा म्हणाले. "मी तर कुणाला लाव म्हटलं नसतं." मग त्यांनी मुलीकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. "लावू दे का गं?"

तिनं नुसती मान हलवली.

"लाव," ते फिल्मवाल्याला म्हणाले. "आणि काढू नको."

फिल्मवाला पाण्याची बाटली भरायला आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. बाबांनी टॉर्च बंद केली. मुलीला खुणेनं जवळ बोलावलं, आणि तिथं ऐकायला दुसरं कुणी नसतानाही आवाज खाली आणला.

"तो कधी भेटला, तर काही बोलू नकोस हं त्याला. इतका चांगला हात. जिवाला लावून घेईल."

"नाही बोलणार, बाबा."

"आणि पुढच्या वेळी सरळ माझ्याकडे आण."

"आणीन," ती म्हणाली.