छत्री आणि पाटी

अवकाशयुगाचं भवितव्य वॉशिंग्टनला नव्हे, बंगळुरूलाही नव्हे, चोपड्याला ठरणार होतं. नेमकं सांगायचं तर एका पतपेढीच्या गच्चीवर. तेही कुंदाबाईंनी वर चढू दिलं तर. गच्ची त्यांची, पतपेढी खाली भाडेकरू.

गच्चीवर रतिलालभाऊंची भलीमोठी डिश उभी होती. गाव तिला छत्री म्हणे. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखांपर्यंत फायबर पोचत नाही. पोचलं की कुणीतरी जेसीबी घेऊन येतो. म्हणून पतपेढीचा कारभार छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत चाले आणि रतिलालभाऊंचं घर या छत्र्यांच्या देखभालीवर. आज मात्र धुळ्याहून नव्या कंपनीचा पियुष आला होता. त्यानं छत्रीशेजारी एक चपटी पांढरी पाटी बसवली. हिचे उपग्रह म्हणे जेमतेम साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात.

"म्हणजे जळगावहून मुंबईच्या जरा पुढं," चेअरमन योगराज आबा म्हणाले. "घरचेच की!"

रतिलालभाऊंनी मनात हिशेब मांडला. कंत्राट गेलं तर सुरतेला मेव्हण्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणं आलं.

खाली पतपेढीत चाचणी सुरू झाली. पडद्यावर पायथ्याच्या शाखेतली शीतल लख्ख दिसली, तिच्या मागचं कॅलेंडरही.

"शीतल, महिना बदल!" आबा गरजले. तिनं लगेच पान उलटलं. छत्रीवरून एवढ्यात आबांचं वाक्यही पोचलं नसतं.

पुढच्याच क्षणी शीतल तोंड उघडं ठेवून गोठली.

पियुषला घाम फुटला. तो लॅपटॉपला चिकटला. "भाऊ, वर जरा बघता का?"

रतिलालभाऊ इतक्या वेगानं जिना कधी चढले नव्हते. वर पाहतात तो पाटीवर ओले बिबडे पसरलेले! ज्वारीचे पापड, ताजे. बाजूला कुंदाबाई.

"हाई पाटी गरम शे भाऊ," त्या कौतुकानं म्हणाल्या. "बिबडा झटकन वाळतस."

रतिलालभाऊंनी खाली डोकावून सांगितलं, "वर सगळं ठीक आहे." एका अर्थी ते खोटं नव्हतं.

"मग उपग्रहच गेला का?" खालून पियुषचा रडवेला आवाज.

"नवीन माल असाच असतो," आबा म्हणाले. "आपली छत्रीच बरी."

रतिलालभाऊंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कुंदाबाईंनी एक बिबडा उचलला.

"अक्का, राहू द्या ना! कच्चे राहतील."

"तू माले बिबडा शिकाडस का?"

"थोडा वेळ! पाया पडतो!"

"आते खाटवर टाकसू," म्हणत त्यांनी सगळे बिबडे भराभर परातीत घेतले.

खालून टाळ्या ऐकू आल्या. शीतलचं तोंड मिटलं होतं.

"पियुष, कागद काढ," आबांचा आवाज आला. "सगळ्या शाखांना पाटीच बसव."

रतिलालभाऊ कठड्याला धरून उभे राहिले. सुरतेची गाडी किती वाजता असते, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना.

"रतिलालभाऊ!" आबांनी खालून हाक मारली. "अजून वरच आहात ना?"

"आहे, आबा." त्यांच्या आवाजात आशा होती.

"मग येताना तेवढं टाकीचं झाकण लावून या. कबुतरं बसतात."